गर्भाची पिशवी काढलेल्या बाईची फाईल दवाखान्याकडून कशी मिळवायची?

गोदाकाठ:
बीड जिल्ह्यातली ऊसतोड करणारी बाई, वय ३१. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’ असं सांगून खासगी दवाखान्यात पिशवी काढली. १९ महिने झाले. हातात डिस्चार्ज कार्ड आणि मेडिकलची बिलं, एवढंच. दवाखाना म्हणतो, फाईल बाहेर देत नाही. कार्डावर ‘टीएएच + बीएसओ’ लिहिलंय. कोणते कागद मागायचे आणि त्यात काय बघायचं?

कागदपत्री:
फाईल द्यावीच लागते. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत. आंतररुग्णाची फाईल उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायची असते, म्हणजे ती अजून तिथं असायला हवी.

अर्ज बाईच्याच नावाने, तिच्याच सहीचा किंवा अंगठ्याचा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर वाद न घालता पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. ‘सगळे कागद द्या’ असं मोघम लिहिलं की डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स हातावर ठेवतात. नाव घालून मागा: केसपेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट, संमतीपत्र, भुलीची नोंद, ऑपरेशन नोट, नर्सचा चार्ट, पॅथॉलॉजीचा (काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा) रिपोर्ट, पक्कं बिल. ‘फाईल सापडत नाही’ म्हणाले तर तेच लेखी मागा. मूळ डिस्चार्ज कार्ड कुणाच्याही हातात देऊ नका.

स्त्रीआरोग्य:
केस नंतर, आधी तिची तब्येत. टीएएच म्हणजे पोटावर चीर देऊन गर्भाशय काढणं. बीएसओ म्हणजे दोन्ही बीजकोश आणि नळ्याही काढणं. ३१ व्या वर्षी बीजकोश गेले की पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम सुरू होतात: अंगाची लाही, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, पुढं हृदयविकाराचा धोका. तिला याच आठवड्यात सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हॉर्मोनची गोळी लागते, आणि ती तिला कुणी दिलीच नसेल तर हाही हलगर्जीपणाच.

फाईलमध्ये आधी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढा. ‘क्रॉनिक सर्व्हिसायटिस’ (गर्भाशयमुखाची जुनी सूज) आणि ‘प्रोलिफरेटिव्ह एंडोमेट्रियम’ एवढंच असेल तर पिशवीत काढण्याजोगं काही नव्हतं. दुसरी गोष्ट तर पाळीच्या पहिल्या पंधरवड्यातलं नेहमीचं अस्तर आहे. रिपोर्टच नसेल तर नमुना कुठं पाठवला ते लेखी विचारा. लॅबकडे नमुना जपलेले मेणाचे ब्लॉक असतील तर दुसऱ्या लॅबकडून पुन्हा वाचून घेता येतात.

‘इरोजन’ हा शब्दही शोधा. तरुण बाईच्या गर्भाशयमुखावरची ती लाली बहुधा निरुपद्रवी असते, पण तीच दाखवून कॅन्सरची भीती घातली जाते. पांढरं जाण्याच्या नेहमीच्या जंतुसंसर्गाला मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस असा उपचार असतो. तो दिल्याची नोंद केसपेपरवर आहे का?

तालुका वकील:
ग्राहक आयोगात दाद मागायला २ वर्षांची मुदत आहे. तुमचे पाचच महिने उरलेत, फाईलची वाट बघत बसू नका. बाई राहते त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. भरपाई ग्राहक आयोग देतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करते, पैसे देत नाही. पण दोन्हीकडे जाता येतं. फौजदारीत घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि पोलिसांना दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलंय.

आणखी एक. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यानंतर तिथल्या खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं होतं. या बाईसाठी परवानगी मागितली होती का, ते तिच्या नावाने माहिती अधिकारात विचारा.

गोदाकाठ:
ऑपरेशनच्या वेळी सही नवऱ्याने केली होती. चालते का?

तालुका वकील:
सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिचीच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालात तर आईची संमतीही धरली नाही, आणि तिथंही गर्भाशय-बीजकोशच काढले होते. फॉर्मवर बीजकोशांचा उल्लेख आहे का, तो मजकूर छापील आहे की मागाहून पेनाने घातलाय, शाई एकच आहे का, ते बघा. त्यासाठी झेरॉक्सवर भागवू नका, मूळ फॉर्म आयोगापुढे हजर करायला लावा.