चर्चा: पोळीभाजी केंद्राला स्वतःचं ॲप हवं की नको?

पोळपाट_डोंबिवली
डोंबिवली पूर्वेला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. बायको बघते, हाताखाली चौघी. माझं ठाम मत झालंय की आता स्वतःचं ॲप काढायचं. सध्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. रात्री अकराला कुणीतरी लिहितं, "उद्या नेहमीचं." नेहमीचं म्हणजे किती, ते फक्त बायकोच्या डोक्यात. कुणी व्हॉइस मेसेज टाकतं, मागे टीव्ही बोंबलत असतो. सकाळी साडेपाचला ती फोन वर-खाली सरकवत सगळं वहीत उतरवते आणि तरी कणीक अंदाजानेच भिजवते. एक दिवस उरते, एक दिवस बाराच्या आत "पोळ्या संपल्या".

ॲप असलं तर रात्री दहाला ऑर्डर बंद आणि आकडा समोर. महिन्याच्या डब्यांचे खाडेही आपोआप वजा. डिलिव्हरी ॲपवर राहून पाहिलं, पण कमिशन कापून पोळीमागे काही उरत नाही. बोला.

आडगिऱ्हाईक
दुखणं खरं, औषध चुकीचं. चार पोळ्यांसाठी कोण ॲप उतरवून घेतंय? ओटीपी टाका, पत्ता भरा, लोकेशनची परवानगी द्या... तेवढ्यात माणूस खाली उतरून पोळ्या घेऊन येईल. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून फुकट मिळतंय. त्यात कॅटलॉग आहे, ठरीव उत्तरं आहेत, "नवी ऑर्डर", "पैसे बाकी" अशी लेबलं लावता येतात. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला कशाला?

मसाला_ठाणे
लेबलं लावायला मोकळा हात लागतो हो. पिठाच्या हाताने लावून बघा एकदा. मी घरगुती मसाले विकते, मी पोळपाटरावांच्या बाजूने. आपलं गिऱ्हाईक आपल्या यादीत हवं. डिलिव्हरी ॲपवर कांदा-लसूण मसाला दर महिन्याला कोण नेतं ते मला दिसतच नव्हतं, नंबर झाकलेला. रेस्टॉरंटवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने झोमॅटो-स्विगीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे केलेल्या तक्रारीत हाही मुद्दा होता. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशी लावली. मोठ्या हॉटेलवाल्यांना हे खुपतं, तर आपण कोण?

कोड_कल्याण
मी ॲप बनवूनच पोट भरतो, तरी सांगतो, थांबा. सगळे फक्त बनवण्याचा खर्च धरतात. गूगल प्लेची नोंदणी २५ डॉलर, ती एकदाच. ॲपलला मात्र दरवर्षी ९९ डॉलर. गूगलवर नवं वैयक्तिक खातं काढलंत तर आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पुढे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांप्रमाणे ॲप सुधारत राहायचं, नाहीतर नवा फोन घेणाऱ्याला ते प्ले स्टोअरवर सापडत नाही. हे कोण करणार? ज्या पोराने बनवलं तो तोवर नोकरी धरून बंगळुरूला गेलेला असतो.

तुम्हाला हवंय काय? रात्री दहाची मर्यादा आणि बेरीज. एक वेबपान करा, त्याची लिंक व्हॉट्सॲपवर टाका. उतरवून घ्यायची भानगडच नाही.

आडगिऱ्हाईक
+१. आणि बंगळुरूवरून आठवलं. जुलै २०२५ मध्ये तिथे यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या. दुकानांवर "यूपीआय नको, रोख द्या" अशा पाट्या लागल्या होत्या. सगळा हिशेब फोनवर मांडून बसायची एवढी हौस का?

हिशेबनीस
अर्धवट सांगू नका. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख, सेवा देणाऱ्याला २० लाख अशी जीएसटी नोंदणीसाठी उलाढालीची मर्यादा आहे, तिच्या वर गेल्याचा संशय आला त्यांना नोटिसा आल्या. तिथेही भाजी-दूधवाले सुटू शकले कारण तो माल करमुक्त. पण ते सिद्ध करायला हिशेब लागतो! नुसता यूपीआयचा आकडा दाखवून काय विकलं ते कळत नाही, त्यात मेव्हण्याने परत केलेले उसने पैसेही विक्री दिसतात. उलट ऑर्डरची नोंद असेल तर तुमचीच बाजू भक्कम. ती ॲपमध्ये ठेवा नाहीतर वहीत.

पोळपाट_डोंबिवली
कोडसाहेब, वेबपानाचं पटण्यासारखं आहे, पण लिंक वर वाहून जाते. पुन्हा "दादा, लिंक पाठवा". ॲपचं चित्र फोनवर ठाण मांडून बसतं, नऊ वाजता आठवण देतं. माझ्या मते अर्धा धंदा त्या आठवणीचा आहे.

कोड_कल्याण
वेबपानाचंही चित्र फोनच्या पडद्यावर ठेवता येतं. नऊची आठवण तर व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टनेही, म्हणजे एकदाच लिहून सगळ्यांना वेगवेगळा जाणाऱ्या मेसेजनेही, जाते, फक्त गिऱ्हाइकाने तुमचा नंबर साठवलेला हवा.

मसाला_ठाणे
ब्रॉडकास्ट लोक म्यूट करतात. माझा केलाय.

आडगिऱ्हाईक
मग ॲपच्या नोटिफिकेशनची आरती करतात का? पोळपाटराव, वहिनींना विचारलंत का? साडेपाचला फोन त्यांच्या हातात असतो, तुमच्या नाही.

पोळपाट_डोंबिवली
विचारलं. तिचं म्हणणं, ॲप काढा नाहीतर काढू नका, पण "नेहमीचं" लिहिणाऱ्यांना आधी आकडा लिहायला लावा.