मदत हवी आहे: ड्रॉपडाउन मिटलेला असताना आपला, उघडला की परका

देवघेव_इंदूर:

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, राजेंद्रनगरात राहतो. नोकरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली, वेबचं काम हौसेनं शिकलोय. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमच्या भागातल्या एका मराठी वाचनालयाची देवघेव आजवर वहीत चालायची. ती वही मी वेब ॲपमध्ये आणतोय. मोबदला म्हणजे रोज संध्याकाळचा चहा आणि वर शेव भुरभुरलेले पोहे. एकाच पानावर तीन ड्रॉपडाउन आहेत: पुस्तकाचा प्रकार (कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन असे नऊ), परतीची मुदत आणि सभासद. सभासद चारशेच्या वर.

तिन्ही ठिकाणी साधा सिलेक्ट टॅग (ब्राउझरची तयार निवड-यादी) वापरलाय. मिटलेली पेटी मनासारखी झाली. अपिअरन्स (दिसण्याची सेटिंग) नन करून ब्राउझरचा बाण घालवला, स्वतःचा एसव्हीजी बाण पार्श्वभूमीला लावला, तो अक्षरांवर चढू नये म्हणून उजवीकडे पॅडिंग सोडलं. पण पेटी उघडली की आतली यादी माझं काही ऐकत नाही. ओळींना पॅडिंग देऊन पाहिलं, लागत नाही. माऊस नेल्यावरचा रंग बदलत नाही. ऑप्शनला पार्श्वभूमीचा रंग दिला तर माझ्या विंडोज लॅपटॉपवर दिसतो, मुलीच्या मॅकबुकवर पत्ताच नाही, आणि अँड्रॉइड फोनवर तर गोल ठिपक्यांची भलतीच चौकट वर येते.

शेवटी वैतागून सिलेक्ट काढला आणि डिव्ह-यूएल या साध्या टॅगांची घरगुती यादी बनवली. दिसायला फक्कड! पण काउंटरवरचे काका टाइपरायटरच्या जमान्यातले, माऊसला हात लावत नाहीत. ते टॅब दाबतात आणि माझी यादी ओलांडून थेट ‘जतन करा’वर पोचतात. काका म्हणाले, "भिया, दिसते झकास, पण उघडायची कशी?" (इंदुरात मराठी माणूसही ‘भिया’च म्हणतो, दचकू नका.)

शिवाय दोन बारीक तक्रारी आहेत. सगळ्या कुलकर्ण्यांचा रफार वरून कापला जातोय. आणि वाचनालयातल्या काकूंचं म्हणणं की लेले मंडळींचा ‘ल’ हिंदीतला दिसतो, "आपला ल असा नसतो रे." काकूंचं बरोबर आहे. पण तो बदलायचा कुठून?

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

मांडवीचा:

तुमची चूक काहीच नाही. मिटलेली पेटी पानाचा भाग असते, म्हणून ती सीएसएसचं (पानाच्या सजावटीच्या नियमांचं) ऐकते. उघडलेली यादी मात्र ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः काढते. मॅकवर तो सिस्टिमचाच मेनू असतो, त्यामुळे तुमचे रंग तिथे पोचतच नाहीत. विंडोजवरचा क्रोम ऑप्शनचा रंग आणि पार्श्वभूमी एवढं मान्य करतो, पॅडिंग नाही. फोनवर तर बोटाला सोपी पडावी म्हणून मुद्दामच वेगळी यादी देतात.

आता चांगली बातमी. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३५ पासून, आणि एजमध्येही, सिलेक्टची आतली यादी सजवता येते. अपिअरन्सला ‘बेस-सिलेक्ट’ ही किंमत (व्हॅल्यू) द्यायची. ती दोन ठिकाणी द्यावी लागते: सिलेक्टला आणि ‘पिकर-सिलेक्ट’ या स्यूडो-एलिमेंटला (म्हणजे सीएसएसमधून सजवायच्या आतल्या भागाला, इथे उघडलेल्या यादीला). नुसती सिलेक्टला दिलीत तर पेटी बदलेल, यादी जुनीच राहील. मी स्वतः इथेच अर्धा दिवस घालवलाय. एकदा ते झालं की ऑप्शनला पॅडिंग, होव्हरचा रंग, गोल कोपरे सगळं लागतं. बाणासाठी ‘पिकर-आयकन’ आणि निवडलेल्या ओळीपुढच्या खुणेसाठी ‘चेकमार्क’ असे वेगळे स्यूडो-एलिमेंट आहेत. ऑप्शनमध्ये चित्रही ठेवता येतं. म्हणजे कादंबरीपुढे छोटं पुस्तक वगैरे, हौस असेल तर.

हे सगळं सीएसएसमधल्या ‘सपोर्ट्स’च्या (ब्राउझरला जमत असेल तरच) अटीत ठेवा. ज्या ब्राउझरला कळत नाही तो जुनी यादी दाखवेल, अडणार काही नाही. आणि सिलेक्ट खराच असल्यामुळे काकांचा टॅब, वर-खालीचे बाण, एस्केप हे फुकटात मिळतं.

देवघेव_इंदूर:

वा! लॅपटॉपवर पाच मिनिटांत झालं. मोतिया पार्श्वभूमी, ओळींमध्ये ऐसपैस जागा, एकदम घरचं वाटतंय. पण आज वाचनालयात जाऊन तेच पान उघडलं तर ढिम्म बदल नाही. दोन्हीकडे क्रोमच आहे. कॅश पुसून पाहिला.

मांडवीचा:

तिथल्या क्रोमचा आवृत्ती क्रमांक बघा. आणि विंडोज कोणती?

देवघेव_इंदूर:

क्रोम १०९. विंडोज ७. कुणीतरी जुना संगणक देणगी दिलाय.

मांडवीचा:

मग संपलं. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारा शेवटचा क्रोम १०९ च, त्यापुढे तो अपडेट होत नाही. त्या संगणकावर यादी जुनीच राहू द्या. काकांना यादीचे कोपरे गोल आहेत की चौकोनी याचं सुखदुःख नसावं. दुसरं एक, इतक्या जुन्या ब्राउझरला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असलेलं ॲप त्यावर चालवू नका. ड्रॉपडाउनआधी संगणकाचं बघा.

लष्करवाला:

ग्वाल्हेरहून लिहितोय. ‘ल’चं दुखणं आमच्याकडेही होतं, आसपास सगळं हिंदी असलं की व्हायचंच. दोन गोष्टी तपासा. पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा काय लिहिलीय? लॅंग ‘एचआय’ (हिंदी) असेल तर फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श देतो. ‘एमआर’ (मराठी) करा. पण त्या फॉन्टात मराठी वळणाची अक्षरं भरलेली हवीत, नाहीतर भाषा बदलून काही होत नाही. नोटो सॅन्स देवनागरीत ती आहेत.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बॉडीला दिलेला फॉन्ट सिलेक्ट, इनपुट आणि बटणांना वारशानं मिळत नाही, ती आपला वेगळाच फॉन्ट घेऊन बसतात. सिलेक्टला ‘फॉन्ट: इनहेरिट’ द्या.

रफारासाठी सांगा, सिलेक्टला उंची ठरवून दिलीत का?

देवघेव_इंदूर:

हो, ३२ पिक्सेल. आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १. एका इंग्रजी नमुन्यातून उचललं होतं. लॅंगही बघितलं, ‘एचआय’च आहे! दोन वर्षांपूर्वी एका हिंदी शाळेचं पान केलं होतं, त्याचाच सांगाडा घेतला होता मी.

लष्करवाला:

सापडला चोर. इंग्रजी अक्षराला १ पुरतो, आपल्याला नाही. ‘कुलकर्णी’ एवढ्या एकाच शब्दात खाली उकार आणि वर रफार-वेलांटी, दोन्ही मजले भरलेले. उंची काढून किमान उंची द्या, लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा, वर-खाली थोडं पॅडिंग. चाचणी घ्यायची तर ‘पुस्तक’सारखा सोपा शब्द घेऊ नका, ‘स्फूर्ती’, ‘कुर्ल्यातूनही’ असलं काहीतरी टाका. आयफोनसाठीही सांगून ठेवतो: सिलेक्टमधलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं तर सफारी त्याला हात लावताच अख्खं पान मोठं करतो.

कळफलक:

डिव्ह-यूएलवाल्या यादीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ती टाकून द्या. काकांसाठी ती नीट करायची तर टॅबनं पोचणं, बाणांनी सरकणं, एंटरनं निवडणं, एस्केपनं मिटणं, होम-एंड, पहिलं अक्षर दाबल्यावर तिथे उडी मारणं, एवढं सगळं हातानं लिहावं लागतं. दृष्टिहीन सभासद स्क्रीन रीडर वापरत असतील तर कॉम्बोबॉक्स, लिस्टबॉक्स, ऑप्शन हे रोल (कोणता भाग काय आहे ते सांगणाऱ्या खुणा) आणि यादी उघडी की मिटलेली ते सांगणारं ‘एरिया-एक्स्पांडेड’ वेळच्या वेळी बदलणंही आलं. तेवढं करून फॉर्मबरोबर निवडलेली किंमत (व्हॅल्यू) जात नाही ती नाहीच, त्यासाठी लपलेलं इनपुट ठेवा. नऊ प्रकारांच्या यादीसाठी हा खटाटोप कशाला?

माझी खरी शंका सभासदांच्या यादीबद्दल आहे. चारशे नावं सरकवत बसणार का काका? ती कितीही सुंदर केली तरी त्रासच.

देवघेव_इंदूर:

ताई, त्यासाठी सिलेक्ट-टू हे तयार ड्रॉपडाउन लावून बघितलं होतं, शोधपेटी असलेलं. पण ते बूटस्ट्रॅपच्या मोडलमध्ये (पानावर उघडणाऱ्या चौकटीत) आहे आणि शोधपेटीत टाइपच होत नाही, कर्सर पळतो.

कळफलक:

ते ओळखीचं दुखणं आहे. सिलेक्ट-टू आपली यादी बॉडीच्या शेवटी जोडतं, आणि मोडल फोकस आपल्याबाहेर जाऊ देत नाही. ‘ड्रॉपडाउन-पेरेंट’ या पर्यायात मोडलचा एलिमेंट द्या, टाइप व्हायला लागेल. पण मग कुणी रोमनमध्ये नाव टाइप केलं तर सापडणार नाही, त्यासाठी मॅचर (नावं जुळवणारा कोड) वेगळा लिहावा लागेल. आधी एक सांगा, वहीच्या काळात काकू सभासद कसा शोधायच्या?

देवघेव_इंदूर:

नंबरावरून. माणूस दारात दिसला की काकू "दोनशे सतरा" म्हणतात आणि पान उघडतात. नाव नंतर.

कळफलक:

मग झालं की! तिथे ड्रॉपडाउनच नको. सभासद क्रमांकाची साधी पेटी ठेवा, क्रमांक टाकला की शेजारी नाव दिसू द्या. इनपुटचा प्रकार टेक्स्टच ठेवा. काकू मराठी कळफलकावर असतील तर ‘२१७’ देवनागरीत येईल, आणि जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही, ‘नॅन’ (‘हा अंक नाही’) देतं. आधी दहा अंकांची अदलाबदल करून घ्या. नंबर विसरलेल्यांसाठी नावाचा शोध वेगळ्या बटणामागे ठेवा.

देवघेव_इंदूर:

आठ दिवसांनी येतोय, उशीर झाला.

प्रकार आणि मुदत हे दोन खरे सिलेक्ट ठेवले, वर बेस-सिलेक्टची सजावट. घरगुती यादी उडवली. लॅंग ‘एमआर’, फॉन्ट इनहेरिट आणि नोटो केल्यावर ‘ल’ सरळ झाला, सोबत ‘श’ही, ज्याची तक्रार अजून यायची होती. कुलकर्णी सगळे डोक्यासकट दिसतात. सभासदाची पेटी क्रमांकाची केली. पहिल्याच दिवशी काकूंनी देवनागरी अंक टाकले, कळफलकताईंचं नाव घेऊन मी मनातल्या मनात हात जोडले.

संगणकाचं समितीपुढे मांडलंय. तोवर ॲप माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतंय, तो काउंटरवरच ठेवून आलो. काका आता टॅब दाबत तिन्ही रकाने भरतात, यादीचा रंग त्यांना विचारला तर म्हणाले, "कोणता रंग?"

आयफोनवाला सभासद सापडला की सफारीचं तपासून इथेच लिहितो.