अनुभव धागा : मुदतपूर्व बाळ, मेंदूची शस्त्रक्रिया आणि घरी आल्यानंतरचे दिवस

३२ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फार नाजूक असतात आणि पहिल्या ७२ तासांत त्यांतून रक्तस्राव होण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्या रक्तामुळे मेंदूतील पाण्याची वाट अडली, की पाणी साचते आणि डोक्याचा घेर वाढू लागतो. माझ्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. वजन फार कमी असल्यामुळे आधी टाळूजवळ त्वचेखाली एक लहानसा कप्पा बसवून त्यातून सुईने पाणी काढत असत. वजन सुमारे २ किलो झाल्यावर शंट बसवला, म्हणजे मेंदूच्या पोकळीतून निघून कानामागून, मानेतून आणि छातीवरून त्वचेखालूनच पोटात उतरणारी बारीक नळी.

डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या वेळा असतात, परंतु मध्यरात्री झालेली उलटी ही नेहमीची गुळणी आहे की शंट अडल्याची खूण, हे ठरवणे घरच्यांवरच येते. ज्यांनी हे दिवस काढले आहेत, त्यांनी आपण काय पाहत होतो आणि कसे ओळखले, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

मी टाळूपासून सुरुवात करते. रडताना किंवा आडवे असताना टाळू वर आलेली वाटू शकते, म्हणून बाळ शांत असताना, त्याला उभे धरून, बोटांच्या पेरांनी हलकेच चाचपावे, असे आम्हाला परिचारिकांनी शिकवले. घट्ट आणि फुगलेली टाळू जशी काळजीची, तशीच फार खोल गेलेलीही, कारण तेव्हा पाणी गरजेपेक्षा जास्त वाहत असण्याची शक्यता असते. डोक्याचा घेर ठरलेल्या वारी एकाच व्यक्तीने, एकाच टेपने, भुवयांच्या किंचित वरून डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून मोजावा. हात बदलला की आकडा बदलतो आणि घरभर उगाच घबराट होते.

एका मुलाचे वडील

आमच्या मुलाला ताप नव्हता, टाळूही फारशी फुगलेली नव्हती. दुधासाठी स्वतःहून जागा होणारा मुलगा उठवावा लागू लागला, एवढाच काय तो फरक. पत्नी म्हणाली, "हा आज नेहमीसारखा नाही." पहिल्यांदा ज्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनी पोटदुखी असावी असे सांगून आम्हाला परत पाठवले. संध्याकाळी त्याची नजर खाली ओढल्यासारखी दिसू लागली, बुबुळांच्या वर पांढरा भाग दिसत होता, आणि दूध पोटात ठरेना. आम्ही थेट शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयात गेलो आणि तपासणीचा आग्रह धरला. नळीचे मेंदूतील टोक अडले होते. त्याच रात्री ते बदलले. आईच्या त्या एका वाक्याला तपासणीतील निष्कर्षाइतकेच महत्त्व मिळायला हवे, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर तो किती वेळ जागा असतो, दूध कसे ओढतो, कशाने शांत होतो, हे आम्ही वहीत लिहू लागलो, कारण त्याचे नेहमीचे वागणे माहीत असेल तरच बदल लक्षात येतो.

एक आजी

सुरुवातीचे काही दिवस शंटच्या बाजूवर निजवू नये, एवढे नातीच्या डॉक्टरांनी सांगितले होते आणि आम्ही ते पाळले. कानामागचा उंचवटा पाहून पाहुण्यांचा हात नकळत तिथे जातो. तो आम्ही नम्रपणे थांबवत असू. टाक्यांभोवती किंवा नळीच्या मार्गावर लाली, सूज किंवा स्राव दिसला, किंवा ताप आला, तर वाट पाहू नये. जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो.

दुसऱ्या एका मुलीची आई

जखम भरल्यावर काळजीचे रूप बदलते. आमची मुलगी २८व्या आठवड्यात जन्मली, त्यामुळे जन्मापासून सात महिने झाले तेव्हा तिचे सुधारित वय, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय, चार महिन्यांचे होते, आणि मान धरणे, कुशीवर वळणे हे सर्व त्याच वयाने मोजायचे असते. हे नातेवाइकांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले, तरी मी ते प्रत्येक वेळी सांगितले, कारण चुकीच्या तुलनेने मी स्वतःच खचत होते. लंगोट बदलताना तिचे पाय ताठ होऊन एकमेकांवर चढत आणि अंगठा सतत मुठीत असे. हे फिजिओथेरपिस्टना सांगितल्यावर व्यायाम लगेच सुरू झाले. डोळ्यांच्या पडद्याची आणि श्रवणाची तपासणी शंटच्या धावपळीत मागे पडू देऊ नये.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, म्हणून लिहिते. आमच्या मुलीच्या शंटमधला व्हॉल्व्ह, म्हणजे किती पाणी वाहू द्यायचे हे ठरवणारी झडप, बाहेरून चुंबकाने बदलता येणाऱ्या सेटिंगचा आहे. अशा काही व्हॉल्व्हचे सेटिंग एमआरआयमुळे बदलू शकते, म्हणून त्यानंतर ते तपासून घ्यावे लागते. चुंबक असलेली खेळणी आणि टॅबलेटची कव्हरेही तिच्या डोक्याजवळ येऊ देत नाही. व्हॉल्व्हचे नाव आणि सेटिंग लिहिलेले कार्ड आम्ही कायम सोबत ठेवतो, आणि त्याची एक प्रत तिला सांभाळणाऱ्या ताईंकडेही दिलेली आहे.