नाताळचा जुना चित्रपट : चाकाच्या खुर्चीमागचा माणूस तुम्हाला कधी दिसला होता का?

मिरजकर

सर्वांना नमस्कार आणि नाताळच्या शुभेच्छा. माझे आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते, तेव्हापासून आमचे घर त्याच भागात आहे. २४ डिसेंबरला मध्यरात्री चर्चमधून परतल्यावर करंज्यांचा डबा मध्ये ठेवायचा आणि फ्रँक काप्राचा १९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ बघायचा, हा आमच्याकडचा २२ वर्षांचा शिरस्ता आहे. आधी ओरखडे पडलेल्या व्हीसीडीवर बघायचो, आता लॅपटॉप टीव्हीला जोडतो. इतक्या वेळा पाहिल्यावर त्यात नवे काही उरले नसेल असे मी धरून चाललो होतो, पण यंदा एक गोष्ट अशी दिसली की पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

नायक जॉर्जचा बिलीकाका त्यांच्या घरच्या पतसंस्थेचे ८,००० डॉलर बँकेत भरायला जातो, तिथे जॉर्जच्या भावाच्या पराक्रमाची बातमी दाखवून धनाढ्य पॉटरला डिवचतो आणि त्या नादात नोटांचे पाकीट वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून ते वर्तमानपत्र पॉटरलाच देऊन बसतो, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पॉटर आत जाऊन पाकीट उघडतो आणि दार किलकिले करून बिलीची शोधाशोध बघत राहतो. आजवर माझे लक्ष पॉटर झालेल्या लायोनेल बॅरीमोरच्या चेहऱ्यावरून कधी हलले नव्हते. यंदा आई मध्येच म्हणाली, “अरे, पण खुर्ची कोण ढकलतंय?” पॉटरला चालता येत नाही. त्याला दारापर्यंत नेणारा आणि पुन्हा आत आणणारा धिप्पाड माणूस सगळा वेळ तिथेच उभा आहे. म्हणजे ते पैसे कुठे गेले हे गावात दोघांना ठाऊक आहे, आणि हा दुसरा माणूस संपूर्ण चित्रपटात चकार शब्द काढत नाही. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले असेल, की खुर्ची ढकलायला कुणीतरी हवे एवढाच त्यात हेतू असेल? तुम्हाला असे काही उशिरा दिसले असल्यास अवश्य लिहावे.

निवृत्त रोखपाल, सांगली

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत ३१ वर्षे काउंटरवर बसलो, त्यामुळे माझे उत्तर थोडे एकांगी वाटले तरी सांभाळून घ्यावे. तरुणपणी हा चित्रपट पाहिला तेव्हा लग्न लागताच फिरायला निघालेल्या जॉर्ज आणि मेरीला ठेवीदारांच्या गर्दीमुळे परतावे लागते, याचीच मला हळहळ वाटली होती. आता मी त्या प्रसंगात फक्त मागितलेल्या रकमा ऐकतो. फिरण्यासाठी ठेवलेले २,००० डॉलर जॉर्ज लोकांपुढे धरतो, तेव्हा पहिला माणूस आपले २४२ डॉलर पैन् पै वसूल करून खाते बंद करायला निघतो. नंतरच्या लोकांचा सूर उतरतो, कुणी वीस मागतो, आणि एक बाई साडेसतरा डॉलर मागते. साडेसतरा हा आकडा तोंडाला आला म्हणून कुणी सांगत नाही. ती बाई वाण्याची उधारी आणि घरभाडे मनात मांडूनच रांगेत उभी राहिली आहे.

आमच्याकडेही एकदा अफवा उठली आणि सकाळी साडेनऊला शटरबाहेर रांग लागली. मोठे ठेवीदार आधीच आरडाओरडा करून गेले होते. मार्केट यार्डातला हळदीचा एक हमाल मात्र पासबुकात चौदा हजार असताना “दवाखान्यापुरते बाराशे द्या, बाकीचे राहू द्या,” म्हणाला. त्याच्या पिवळ्या बोटांचे ठसे पावतीवर उमटले होते. त्या दिवसानंतर साडेसतरा डॉलरचा प्रसंग मला कोरड्या डोळ्यांनी पाहता आलेला नाही. संध्याकाळी जॉर्जच्या संस्थेत दोन डॉलर शिल्लक उरतात आणि मंडळी ते ताटात घालून मिरवत तिजोरीकडे नेतात. दिवसअखेरीची रोकड जुळली म्हणजे काय सुख असते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच तो आनंद पुरता कळेल.

आता तुमचा प्रश्न. तो गडी पगारी आहे आणि पगार पॉटर देतो, एवढे पुरेसे आहे. त्याच्या गप्प बसण्याला वेगळे कारण द्यावे लागत नाही, म्हणूनच ते मुद्दाम केले असावे असे मला वाटते. गावकरी जॉर्जसाठी पैसे गोळा करतात त्या शेवटच्या प्रसंगात त्याच्याशी ताडून पाहण्याजोगी माणसे आहेत : हिशेब तपासायला आलेला बँक परीक्षकही टेबलावर पैसे टाकतो आणि पोलीस अधिकारी जॉर्जच्या अटकेचे वॉरंट फाडतो. तेही पगारीच नोकर आहेत.

सातारकर

मला २०-२५ वेळा पाहूनही बर्फ दिसला नव्हता. दिसला होता, पण तो थांबतो हे दिसले नव्हते. आपण जन्मलोच नसतो तर बरे झाले असते, असे जॉर्ज देवदूताला म्हणतो आणि देवदूत ते खरे करतो, त्या क्षणी बाहेरचा बर्फ पडायचा थांबतो, ओठातून येणारे रक्त थांबते आणि लहानपणी बहिरा झालेला कान ऐकू लागतो. शेवटी तो पुलावर जगू देण्याची विनवणी करतो, तेव्हा आधी बर्फ पुन्हा पडू लागतो आणि मगच ओळखीचा पोलीस त्याला नावाने हाक मारतो. प्रेक्षकाला उत्तर आधी मिळते, जॉर्जला नंतर.

आम्हा सातारकरांचा बर्फाशी संबंध महाबळेश्वरला वेण्णा तलावावर थंडीत गोठलेल्या दवापुरताच, त्यामुळे हा बर्फ खोटा आहे हे मला कळणे शक्यच नव्हते. चित्रीकरण १९४६ च्या एप्रिल ते जुलैमध्ये कॅलिफोर्नियात झाले. त्या काळी बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरत. ते पायाखाली इतके कुरकुरत की संवाद नंतर वेगळे ध्वनिमुद्रित करावे लागत. त्याऐवजी इथे आग विझवण्याचा फेस, साबण आणि पाणी यांचे मिश्रण पंख्यासमोर फवारले आणि त्या कामाला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. हे वाचल्यापासून पुलावरच्या प्रसंगात जॉर्ज झालेल्या जेम्स स्टुअर्टच्या कपाळावरची ओल मला घामाचीच वाटते. मजा कमी झाली का, तर नाही. पण कपाळाकडे लक्ष जाते ते जातेच.

विश्रामबाग

मुद्दा छोटा आहे. बिलीकाकाच्या बोटांना दोरे बांधलेले असतात. मी ते अनेक वर्षे जखमेचे समजत होते. माझी आजी सामान विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची आणि दुकानात गेल्यावर गाठ कशाची हेच विसरायची, तेव्हा ही खूणगाठ मला खरे तर लगेच ओळखू यायला हवी होती. ८,००० डॉलर हरवणार हे त्या दोऱ्यांनी आधीच सांगून ठेवले आहे. जिन्याच्या कठड्याचा निखळणारा गोळाही असाच : आधी तो हातात आल्यावर जॉर्ज फेकायच्या बेतात असतो, शेवटी त्याचेच चुंबन घेतो.

मिरजकर

सर्वांचे आभार. काल रात्री तो प्रसंग आईबरोबर पुन्हा तीनदा पाहिला. पाकीट उघडल्यावर पॉटर त्या माणसाला दाराकडे ने म्हणून घाई करतो, म्हणजे तो नुसता हजर नाही, चोरून बघण्याच्या कामात त्याचा हातही आहे. रोखपालसाहेबांचे म्हणणे आईला पटले. ती ३४ वर्षे नर्स होती, चाकाच्या खुर्च्या तिने पुष्कळ ढकलल्या आहेत. तिचे म्हणणे असे की खुर्ची ढकलणाऱ्याला बसलेल्याचा चेहरा कधी दिसत नाही, त्याला फक्त टाळू दिसते आणि मांडीवर काय आहे ते दिसते. मग तिने मला चित्रपट थांबवायला लावला आणि विचारले, “त्या रात्री घरी गेल्यावर त्याच्या बायकोने, आज काय झालं, असं विचारलं असेल का रे?”