क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, तरी चर्चचा दशांश पूर्ण द्यावा का? मदत हवी आहे

सर्वांना सप्रेम सलाम.

मी मूळची नगरची, लग्न होऊन पुण्यात आले. खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. हातात ३१,५०० येतात. मिस्टर टेम्पो चालवतात, त्यांचे सरासरी १३,०००. दोन मुलं आणि सासूबाई. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढलं. ते वाचले नाहीत, हप्ते मात्र अजून चालू आहेत. त्या धावपळीत औषधं आणि तपासण्या कार्डावर गेल्या, ती थकबाकी आज ६२,००० आहे.

महिन्याचा हिशेब असा: भाडं १०,५००, कर्जाचा हप्ता ७,४००, शाळा आणि व्हॅन ५,२००, किराणा-गॅस ९,०००, लाइट-मोबाइल २,३००, सासूबाईंची औषधं २,६००, येणं-जाणं २,८००. कार्डाचे कमीत कमी म्हणून ३,१०० भरते. उरतात १,६००. दशांश मात्र, म्हणजे माझ्या पगाराचा दहावा भाग, ३,१५० देते, लग्नाआधीपासून एकही महिना चुकवलेला नाही.

गेल्या आठवड्यात रात्रपाळीत वही काढून बसले तेव्हा लक्षात आलं की ही १,५५० ची तूट दर महिन्याला कार्डावरच जाते. शेवटचा आठवडा आला की किराणा कार्डावर. म्हणजे दशांशाच्या पाकिटात नोटा घालते मी, पण त्यातले निम्मे खरं तर बँकेचे, तेही महिना साडेतीन टक्क्यांनी. ३,१०० भरले तरी व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून २,५६० जातात, मुद्दल फिटतं जेमतेम ५४०. आठ महिन्यांपूर्वी हीच थकबाकी ५४,००० होती.

माझे वडील गावात शिक्षक होते. पगार झाला की आई आधी दहावा भाग तांदळाच्या डब्यातल्या डबीत ठेवायची, मगच वाण्याची उधारी. त्यामुळे दशांश कमी करायचा हा विचारसुद्धा मला चोरीसारखा वाटतो. सासूबाई बायबलमधला मलाखीचा तिसरा अध्याय काढून दाखवतात, दशांश पूर्ण आणा असं सांगणारा. मिस्टर म्हणतात, रोमकरांस पत्रात कोणाच्या ऋणात राहू नका असंही लिहिलंय. दोघंही शास्त्रातूनच बोलतात आणि मी मध्ये अडकते.

शिवाय आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक अहवालात कुटुंबवार देणगी छापून येते. आकडा कमी दिसला तर लोक काय म्हणतील ही भीती आहेच, ती लपवत नाही.

तर विचारायचं हे: कार्ड फिटेपर्यंत दशांश कमी केला तर ती आज्ञा मोडणं होईल का? आणि कोणी असं केलं असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना कसं समजावलं?

प्रतिसाद १
ताई, आम्ही बेकारीच्या वर्षातही दशांश सोडला नाही आणि देवाने उपाशी ठेवलं नाही. विश्वास ठेवा, हात आखडू नका. प्रार्थनेत आठवण ठेवतो.

प्रतिसाद २
ताई, वरच्या भावांची साक्ष खरी आहे, पण त्यांनी दिलं ते जवळचं दिलं. तुमचा प्रश्न उसनं घेऊन देण्याचा आहे. २ करिंथकरांस ८:१२ वाचा. देण्याची उत्सुकता असली तर माणसाजवळ जे आहे त्यावरून ते मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही, असं पौल स्पष्ट सांगतो. मार्कच्या सातव्या अध्यायातलं कुर्बानही बघा. आईबापांच्या हक्काचं देवाला वाहिलं म्हणून सांगणाऱ्यांना प्रभूने दोष दिला. सासूबाईंची औषधं हे तुमच्या देण्याच्या आड येणारं काही नाही, तेही देणंच आहे. मिझोराममध्ये बायका स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी काढून ठेवतात. मूठ ज्या त्या घरच्या तांदळातलीच.

आता व्यवहाराचं. कार्ड आधी कपाटात टाका. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराण्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. रुग्णालयात कर्मचारी पतपेढी आहे का? बारा टक्क्यांनी ६२,००० दोन वर्षांसाठी मिळाले तर हप्ता साधारण २,९२० बसेल, म्हणजे आत्ताच्या ३,१०० पेक्षा कमीच, आणि २४ महिन्यांत फिटेल. मग तुमच्याजवळ १,७८० उरतात. त्यातले हजार पाकिटात घाला, बाकी अडीअडचणीला ठेवा. पतपेढीचा हप्ता संपला की पुन्हा दहावा भाग.

सासूबाईंना वचनं ऐकवत बसू नका. वही दाखवा.

धागाकर्ती
दादा, मनापासून आभार. ते वचन मी किती वेळा वाचलं असेल, पण स्वतःच्या वहीशेजारी ठेवून कधी वाचलं नव्हतं. पतपेढी आहे, आमच्याकडे अकरा टक्के घेतात. दोन जामीनदार लागतात, वॉर्डातल्या दोघींना उद्या ड्युटीवर विचारते.

सासूबाईंशी काल रात्रीच बोलले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, माझ्या गोळ्यांचे २,६०० त्यात धरलेस का. हो म्हटलं. त्यांनी वही पुन्हा स्वतःकडे ओढून घेतली आणि चष्मा मागितला. पाळकसाहेबांना रविवारी उपासनेनंतर भेटायचं ठरवलंय. त्या स्वतःच सोबत येते म्हणाल्या.