जंगलातले कच्चे रस्ते आणि जुनी दगडी गावं, एकाच ग्रॅव्हल राईडमध्ये. टायर, हवा, गिअर, रूट सगळ्यावरच सल्ला हवाय

चाकवेडा:
नमस्कार मंडळी, रोड बाईक बरीच वर्षं चालवतोय, आता ग्रॅव्हल बाईक (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची सायकल) घेतलीये आणि दोन दिवसांची राईड आखतोय. रोज साधारण ७० किमी, त्यातला निम्म्याहून जास्त भाग जंगलातल्या कच्च्या रस्त्यांचा, आणि वाटेत दोन जुनी तटबंदीची गावं, दोन्ही टेकडीवर, आत सगळे दगडी रस्ते. खरं तर ही गावं बघायची म्हणूनच हा रूट निवडला, नुसतं अंतर कापायचं असतं तर डांबरी रस्ता होताच.

सध्या टायर ३८ मिमी रुंदीचे आहेत, ट्यूबवाले. पुढे ४० दातांचं एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक), मागे ११ ते ४२ दातांची चाकं. ॲपवर रूट तर काढला पण त्यात बराच भाग 'पृष्ठभाग माहीत नाही' असा दाखवतोय, त्याचं काय करायचं? आणि मुख्य प्रश्न म्हणजे जंगलासाठी हवा कमी ठेवायची तर दगडी रस्त्यावर परत भरायची का? सांगा कोणीतरी नीट.

खडीवाट:
हवेपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. रोड बाईकवरून आलेल्या माणसाला टायर कडक असला की सायकल पळतेय असं वाटतं, गुळगुळीत डांबरावर ते बऱ्यापैकी खरंही आहे, पण खडी आणि दगडावर कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर सायकल आणि तुम्हाला वर उचलतो, तुमची ताकद पुढे जायच्या ऐवजी त्या हादऱ्यांत जाते आणि चाक जमिनीवर टिकत नाही ते वेगळंच. त्यामुळे दगडी रस्त्याला हवा वाढवायची अजिबात गरज नाही, जी जंगलाला चालते तीच तिथेही चालते.

फ्रेममध्ये जागा असेल तर ४५ चे टायर टाका आणि ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, भोक बुजवायला सीलंट नावाचं द्रव) करून घ्या. जागा मोजताना टायरवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, रुंद रिमवर तोच टायर छापल्यापेक्षा रुंद बसतो, आणि चिखल अडकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पाचेक मिमी तरी मोकळं हवं. ७०-७५ किलोचा माणूस आणि थोडं सामान धरलं तर ४५ ट्यूबलेसला पुढे २७-२८ आणि मागे ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास सुरुवात करा. दगडावर रिम आपटल्याचा ठक आवाज आला तर २ वाढवा, नाही आला आणि तरी हात बधिर होतायत तर २ कमी करा. तुमच्या सध्याच्या ३८ ला ट्यूब ठेवणार असाल तर मात्र इतकं खाली जाऊ नका, टोकदार दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटली की दोन भोकं शेजारी शेजारी पडतात.

सीलंट काही महिन्यांत सुकतं, निघायच्या आधी टायर हलवून आत आवाज येतोय का बघा. प्लग (टायरचं मोठं भोक बुजवायची पट्टी) आणि एक ट्यूब तरीही बरोबर हवीच.

रानपाखरू:
रूटबद्दल मी सांगते. बहुतेक ॲप नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावरून घेतात आणि तिथे कच्च्या रस्त्यांना ग्रेड १ ते ५ असे दर्जे दिलेले असतात, १ म्हणजे पक्का किंवा दाबून घट्ट केलेला, ५ म्हणजे नुसती मऊ माती आणि गवत. ग्रेड ३ पर्यंत ग्रॅव्हल बाईक मजेत जाते, ४ ला कोरडं असेल तर, आणि ५ पावसानंतर म्हणजे सायकल खांद्यावर. 'माहीत नाही' याचा अर्थ रस्ता वाईट असा नाही, कोणी नोंद केली नाही इतकाच, पण अशा तुकड्याला पर्याय शोधून ठेवाच.

सॅटेलाइट फोटो उघड्या माळावर कामाचा, दाट जंगलात झाडांचे शेंडेच दिसतात, खालचा रस्ता दिसत नाही. हीटमॅपवर (लोक कुठून जास्त जातात ते दाखवणारा नकाशा) लाल रेघ दिसली म्हणजे लोक जातात हे नक्की, पण ते चालत जातात की माउंटन बाईकने हे बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. लाकूडतोड चालू असेल तर जंगलातला रस्ता अचानक बंद असतो आणि जड गाड्यांनी चाकोऱ्या इतक्या खोल झालेल्या असतात की पेडल घासतं, शिकारीच्या मोसमातही काही जंगलं बंद ठेवतात, तर आदल्या आठवड्यात तिथल्या वनखात्याच्या सूचना बघाच.

अजून एक, दिवस किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. सामान घेऊन चढउताराच्या जंगलात सरासरी १५ पण पडली तरी छान म्हणायचं. म्हणजे ७० किमीला पाच तास नुसते पेडलचे, आणि गावं बघायची असतील तर त्यांचा वेळ यातून चोरायचा नाही, वेगळा धरायचा. मी असते तर ५५ केले असते.

चाकवेडा:
बापरे, खूपच उपयोगी. ४५ बसतील असं दिसतंय, मोजून बघतो. ५५ चं पण पटतंय. गिअरचं काय? रोडवर मी ३४-३० वर (पुढे ३४, मागे ३० दात) कुठलाही चढ उभा राहून काढतो.

निवांतगिअर:
उभं राहून, तिथेच तर गोम आहे. सुट्या खडीवर उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि चाक जागेवर फिरतं, म्हणून बसूनच चढायचं, आणि बसून चढायचं म्हणजे हलका गिअर हवा. तुमचं ४० ला ४२ म्हणजे गुणोत्तर ०.९५, ते ३४-३० पेक्षा हलकं आहे हे खरं, पण सामानासकट १२-१५ टक्क्यांच्या सुट्या चढावर कमी पडेल. पुढचं चेनरिंग ३६ चं केलंत तर ०.८६ होतं, उतारावर थोडा वेग जाईल, पण जंगलातल्या उतारावर तसंही कोण पेडल मारतं.

आणि तुमची गावं टेकडीवर आहेत हे विसरू नका. ही गावं मुळात शत्रूला चढायला अवघड जावं म्हणूनच तिथे बांधली, त्यामुळे वेशीपर्यंतचा शेवटचा रस्ता बऱ्याचदा चांगलाच चढाचा असतो. इटलीत स्त्रादे बियांके नावाची शर्यत २००७ पासून होते, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून येऊन सिएना शहराच्या जुन्या चौकात संपते, आणि चौकाच्या जरासं आधी सांता कॅतेरिना नावाची दगडी फरशीची गल्ली आहे, १६ टक्क्यांपर्यंत चढ. दिवसभर दमलेले व्यावसायिक तिथे अक्षरशः थांबल्यासारखे दिसतात. तुमच्या दिवसाचा सगळ्यात अवघड चढ जंगलात नसेल, गावच्या वेशीत असेल, पाय तेवढे राखून ठेवा.

खडीवाट:
+१. जंगल आणि जुनं गाव ही जोडी तर आता जागतिक स्पर्धेतही आहे, ग्रॅव्हलची पहिली यूसीआय (सायकलिंगची जागतिक संघटना) जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतल्या विचेंझाहून निघून चित्तादेल्ला या तटबंदीच्या गावात संपली होती.

दगडफूल:
वर कोणी दगडी रस्त्यावर चालवायचं कसं हे लिहिलं नाही म्हणून लिहितो. सपाटीवर एक गिअर जड टाका आणि पेडल थांबवू नका, वेग असला की चाक दगडांच्या माथ्यावरून जातं, हळू गेलात की प्रत्येक फटीत उतरतं. हात हँडलबारच्या वरच्या भागावर, पकड सैल, कोपर वाकलेले, पुढचं चाक आतल्या आत थोडं भरकटू द्या, घट्ट धरून सरळ करायला गेलं की उलट जास्त थरथरतं. रस्ता मधे फुगीर असेल तर मधूनच जा, कडेला पाणी आणि माती साचते. काही जुन्या गल्ल्यांत मात्र उलटं असतं, सांडपाण्याचा पन्हळ मधोमध असतो, तिथे त्याच्या समांतर चाक नेऊ नका, ओलांडायचंच तर आडवं ओलांडा.

ओल्या दगडाचं मात्र फार मनावर घ्या. शतकानुशतकं पावलांनी झिजलेला दगड काचेसारखा असतो, त्यावर पानं पडली असतील तर वळणात ब्रेक अजिबात नाही, वळणाच्या आधी वेग उतरवून टाका. हेच सुट्या खडीच्या वळणालाही लागू.

बाकी ४५ वर माझं मत थोडं वेगळं आहे. तुमचा निम्मा रूट ग्रेड १-२ निघाला तर ४० पुरे, ४५ नुसतेच जड वाटतील. आधी रूट पक्का करा, मग टायर घ्या.

रानपाखरू:
दोन बोल्टवाली क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) तळव्याच्या आत बसते ते बूट घाला, रोडचे नकोत, गावात उतरून चालायचंय तुम्हाला. आणि गल्ली गजबजलेली असेल तर खरंच उतराच, तिथे लोक राहतात. जंगलात चालणाऱ्यांना लांबूनच आवाज द्या, घोडा दिसला तर वेग कमी करून बोलत बोलत जा म्हणजे त्याला माणूस आहे हे कळतं आणि तो बुजत नाही.

चाकवेडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. रूट ५५ वर आणतोय, 'माहीत नाही'वाले तुकडे एकेक करून तपासतोय, टायरचं त्यानंतर. चेनरिंग ३६ चं नक्की. शेवटचं एकच विचारतो, सामान मागच्या सीटबॅगेत सगळं टाकू का?

निवांतगिअर:
नको, जड ते सगळं फ्रेमबॅगेत, खाली आणि मधे. हत्यारं, ट्यूब, पाणी तिथे. सीटबॅगेत फक्त कपडे, नाहीतर खडबडीत उतारावर ती डावीउजवीकडे झोके घेते आणि सायकल मागून ओढल्यासारखी वाटते. पहिल्या दिवशी मुक्कामाला पोचलात की सगळे बोल्ट आणि बॅगांचे पट्टे एकदा ओढून बघा, दगडी रस्त्याने ते सैल होतातच.