हंगामी फुलांची रोपं घरी करायचीत, मागच्या वर्षी सगळी आडवी झाली

अंगणवाला (जळगाव)
नमस्कार मंडळी. दारापुढं दोन लांब वाफे आहेत, दर हिवाळ्यात झेंडू, पिटुनिया, साल्व्हिया असं लावतो. दीडशे रोपं तरी लागतात आणि नर्सरीत एकेक १५-२० रुपयांना पडतं, म्हणजे सव्वादोन-तीन हजार नुसते रोपांचेच जातात, घरचे बोलतात ते वेगळंच. म्हणून मागच्या वर्षी म्हटलं बी आणून घरीच करू. एका व्हिडिओत होतं की ट्रेवर पारदर्शक झाकण घट्ट लावायचं म्हणजे आत ऊब राहते, मी ऑगस्टमध्ये गच्चीवर तसंच केलं, वरून प्लास्टिक आणि चारी बाजूंनी विटा. पाचव्या दिवशी झेंडू मस्त वर आला, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून झाला, आणि दहाव्या दिवशी सकाळी बघतो तर सगळं आडवं, देठ मातीलगत उकडल्यासारखे मऊ. पिटुनिया तर उगवलाच नाही. माती शेतातली काळी होती. चुकलं कुठं?

तापीकाठ (शहादा)
काय भो, तो व्हिडिओ थंड देशातला असणार. तिकडं फेब्रुवारीत बाहेर गोठतंय म्हणून झाकून ऊब धरतात, आपल्याकडं ऑगस्टात उबेची काय कमी आहे का? आपल्याला आडोसा लागतो तो पावसाच्या माऱ्यापासून आणि उघडीप पडली की दुपारच्या उन्हापासून. तुमच्या रोपांना मर लागली, बुरशी असते ती, दमट हवा कोंडली की एका रात्रीत ट्रे साफ करते.
मी चार बांबू रोवून ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट बांधतो, पाऊस असला की तिच्यावर प्लास्टिक, एका बाजूला उतार देऊन, ट्रेपासून हातभर उंच. बाजू सगळ्या मोकळ्या. दोन-चार पानं आली की नेट सकाळ-संध्याकाळ बाजूला सारायची, नाहीतर रोपं उजेडासाठी नुसती लांब होतात आणि मान टाकतात. लावायच्या आधी आठवडाभर पाणी कमी, ऊन जास्त.
काळी माती ट्रेत नकोच, ओली असली की चिखल, वाळली की भेगा. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, ५ किलोची वीट भिजली की ७० लिटरच्या आसपास होते, दोन पाण्यानं धुवा म्हणजे खार जातो, मग गांडूळखत मिसळा, आणि ट्रायकोडर्मा (मर आणणाऱ्या बुरशीला खाणारी मित्रबुरशी) मिळाला तर तोही. ट्रे विकत घेऊ नका, रावेर-यावलकडं कोणी केळीवाला ओळखीचा असेल तर टिश्यूच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) केळीरोपांच्या रिकाम्या पिशव्या असतात त्याच्याकडं, धुऊन वापरा.

गच्चीवरची ताई (चाळीसगाव)
दादा, पिटुनियाचं बी तुम्ही मातीखाली गाडलं असणार 😄 ते धुळीसारखं असतं, एका ग्रॅममध्ये आठ-दहा हजार दाणे, आणि उगवायला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून वरच भुरभुरवायचं, माती टाकायची नाही, पाणी पण झारीनं नको, ट्रे परातीत ठेवून खालून पाजायचं.
खरं सांगू का, मी हा खटाटोप सोडून दिला. आता नर्सरीतून पिटुनियाची दहाच रोपं आणते आणि त्यांच्या बिनफुलाच्या शेंड्यांची छाटं लावते. झेंडूचं पण तेच, महिन्याच्या रोपाचा शेंडा आपण खुडतोच ना, तो फेकून न देता खालची पानं काढून ओल्या कोकोपीटमध्ये खोचा, सावलीत दोन आठवड्यांत मुळ्या. एका रोपाची दोन होतात, आणि रंगाची खात्री असते. मागे एका नर्सरीवाल्यानं केशरी सांगून पिवळा दिला, दारात तोरणापुरताही केशरी झेंडू नाही निघाला, तेव्हापासून हे सुरू केलं.

मास्तर (धुळे)
ताईंचं छाटाचं बरोबर आहे. फक्त घरचं बी धरणार असाल तर हायब्रीडचं धरू नका, पुढच्या वर्षी कशीही फुलं येतात. झेंडूच्या पुसा नारंगीसारख्या सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेल्या, वाणाचं धरा, पण त्याला पेरणीपासून चार महिने लागतात, दिवाळीला हवा तर जूनमध्येच टाकावा लागतो. बुटका फ्रेंच झेंडू दोनेक महिन्यांत फुलतो.
आणि तो व्हिडिओ अगदीच टाकाऊ नाही बरं का. आमच्याकडं जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, बी नुसतं बसून राहतं, तेव्हा रात्री ट्रे प्लास्टिकनं झाकतो, सकाळी नऊला उघडतो. एकदा लग्नाला गेलो आणि उघडायचं राहिलं, दुपारपर्यंत आत भाजी झाली होती. पण वेळेवर उघडलं तर गुढीपाडव्याच्या माळेला घरचा झेंडू मिळतो.

अंगणवाला (जळगाव)
म्हणजे विटाच घात करून गेल्या म्हणायच्या. या वर्षी बांबू रोवतो, केळीवाला मामेभाऊच आहे सावद्याला, पिशव्यांचा प्रश्न मिटला. पिटुनियाची दहा रोपं विकतची. झिनिया पण ट्रेत करू का?

तापीकाठ (शहादा)
नको. ते उपटून लावलेलं सोसत नाही, पाऊस सरला की थेट वाफ्यातच टाका.